लोणारच्या उतरणीवर एक दिवस

लोणारला जाऊन आलो, असे सांगणारी माणसे मला पुष्कळ भेटतात. काय पाहिलेत, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच असते. काठावर उभे राहिलो, खाली हिरवे पाणी दिसले, फोटो काढला, ऊन फार होते, पुढे सिंदखेडराजाला जायचे होते म्हणून निघालो. बुलढाणा जिल्ह्यात येणाऱ्या पाहुण्याचा दिवस असाच वाटला जातो. सकाळी शेगावला गजानन महाराजांचे दर्शन, संध्याकाळी जिजाऊंचे जन्मस्थान, आणि या दोहोंच्या मध्ये कुठेतरी लोणारला अर्धा तास.

मी त्यांना दोष देत नाही, कारण मीही त्यांच्यातलाच. माझे बालपण मेहकरच्या बाजूचे. लोणार एसटीने तासाभराच्या वाटेवर. शाळेच्या सहलीत गेलो, लग्नानंतर गेलो, पाहुण्यांना घेऊन गेलो, आणि दर वेळी काठावरूनच परतलो. हिवाळ्याच्या अखेरच्या दिवसांत एकदा ठरवून गेलो ते मात्र खाली उतरायला. सबंध दिवस हाताशी ठेवला आणि डोक्यात एकच गोष्ट होती. माझी आजी उन्हाळ्यात पापड करायची. उडदाच्या पिठात घालायला तिला 'लोणारचा खार' लागे. दुसरा कुठला आणला तर पापड फुलत नाहीत, अशी तिची तक्रार. तो खार कुठून निघत असे, कोण काढत असे, हे मी तिला कधी विचारले नाही. ते आपण जागेवर जाऊन पाहावे, इतकाच माझा बेत.

लोणारकडे येणारी वाट सपाट शेतांतून येते. तुरी, हरभरा, कपाशीच्या पऱ्हाट्या. डोंगर कुठे दिसत नाही. मग जमीन किंचित चढू लागते, इतकी हळू की चालणाऱ्याच्या पायाला कळावे आणि मोटारीतल्याला कळू नये. हा चढ आहे जेमतेम वीसेक मीटरचा. तो चढून माथ्यावर आलो की पुढची जमीन एकदम संपते. समोर एक अवाढव्य वाटी, पावणेदोन किलोमीटरहून थोडी अधिक रुंद, आणि काठापासून सुमारे १३७ मीटर खाली पाणी. इतर ठिकाणी आपण डोंगर चढून वर जातो आणि मग देखावा पाहतो. इथे डोंगर उलटा आहे, तो उतरायचा असतो. चौफेर झाडीने भरलेली, साधारण तीस अंशांच्या आसपास कललेली ही उतरण म्हणजेच लोणार. पाणी हा तिचा शेवट.

आम्ही गोमुखाच्या धारेपासून सुरुवात केली. गावाच्या बाजूला, काठाच्या अगदी वरच्या अंगाला ही धार आहे. दगडी बांधकामातून पाणी कुंडात पडते, आणि ते गोड आहे. खाली सरोवराचे पाणी इतके खारट आणि अल्कधर्मी की तोंडात धरवत नाही, आणि त्याच विवराच्या भिंतीतून बाहेर पडणारे हे पाणी मात्र लोक ओंजळीने पितात. कारण साधे आहे. बाहेरच्या शेतांत मुरलेले पावसाचे पाणी काळ्या खडकाच्या दोन थरांमधल्या फटींतून वाट काढत येते आणि विवराच्या कापलेल्या भिंतीशी उघडे पडते. वाटेत ते खडकातला थोडाथोडा सोडा विरघळवून घेते, पण चवीला कळण्याइतका नाही. खाली सरोवरात मात्र ते येते आणि अडकते. विवराला बाहेर जायला वाट नाही. पाण्याला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे उन्हाने उडून जाण्याचा. पाणी जाते, क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हेच चालले आहे.

या धारेची एक जुनी नोंद आहे आणि ती मला फार आवडते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अकबराचा दरबारी विद्वान अबुल फजल याने 'ऐन-इ-अकबरी' लिहिली. वऱ्हाड सुभ्याच्या प्रकरणात मेहकरच्या सरकारात त्याने लोणारचा उल्लेख केला आहे. ब्राह्मण या ठिकाणाला विष्णुगया म्हणतात, असे तो सांगतो. भोवती डोंगर आहेत, मधे मोठा जलाशय आहे, पाणी खारट आहे, पण मध्यावरून किंवा कडेवरून घेतले तर गोड लागते, असेही सांगतो. वरच्या अंगाला एक झरा आहे, त्याच्या मुखाशी बैलाची आकृती कोरलेली आहे, आणि या झऱ्याचे पाणी एरवी सरोवरात जात नाही, फक्त सोमवती अमावास्येला जाते, अशीही नोंद आहे. आज जी धार बारमाही वाहताना आपण पाहतो तिच्याबद्दल हे ऐकून गंमत वाटते. दिल्ली-आग्र्याच्या बाजूला बसलेल्या माणसापर्यंत लोणारच्या पुजाऱ्यांची सोमवतीची कथा जशीच्या तशी पोचली होती, एवढे मात्र त्यावरून कळते.

पण त्याच नोंदीत पुढे एक रोकडे वाक्य येते. या जलाशयात काच आणि साबण करण्याचे जिन्नस मिळतात, सोरा निघतो, आणि त्यापासून सरकारला चांगला महसूल होतो. श्रोतेहो, ते वाचल्यापासून लोणारचे चित्र माझ्या मनात बदलले. आपण लोणारला तीर्थ म्हणतो, अलीकडे वैज्ञानिक आश्चर्य म्हणतो. अकबराच्या कारभाऱ्यांच्या लेखी ते उत्पन्नाचे ठिकाण होते. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी या उतरणीवरून भक्त उतरत होते तसे मजूरही उतरत होते, आणि चढताना त्यांच्या डोक्यावर ओझे होते.

धारेपासून पायऱ्या खाली जातात. सुरुवातीच्या बऱ्यापैकी, मग मोडलेल्या, मग नुसती पायवाट. एका अंगाला खडक उघडा पडलेला आहे. जरा थांबून पाहिले तर तो एकसंध नाही. काळ्या बेसाल्टचा एक जाड थर, त्याखाली विटकरी रंगाची पातळ पट्टी, पुन्हा काळा थर. दख्खनच्या पठारावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस एकामागून एक पसरत गेला. दोन लोटांच्या मधल्या अवकाशात वरचा पृष्ठभाग कुजून लाल झाला, त्यावर पुढचा लोट आला. तेच हे पापुद्रे. सह्याद्रीच्या कड्यांत असे थर आडवे, पाटावर ठेवल्यासारखे दिसतात. इथे काठाजवळ ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, जणू कुणी आतून ढकलून उघडल्यासारखे. हा कल म्हणजेच या जागेच्या जन्माचा पुरावा, पण तो वाचायला माणसाला दीडशे वर्षे लागली.

त्याआधीची उकल पुराणाने केली होती. स्कंदपुराणाशी जोडलेल्या लोणार माहात्म्यात लवणासुराची कथा येते. हा दैत्य जमिनीखाली विवर करून राही, वर झाकण घाली आणि बाहेर येऊन लोकांना छळी. विष्णूने सुंदर तरुणाचे, दैत्यसूदनाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींकडून जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्याने झाकण उडवले आणि त्याला मारले. झाकण दूर नैर्ऋत्येला दाकेफळजवळ जाऊन पडले, तीच तिथली टेकडी. पाणी म्हणजे दैत्याचे रक्त, खार म्हणजे त्याचे मांस. गावातल्या दैत्यसूदनाच्या देखण्या हेमाडपंती देवळाच्या छतावर दैत्यवधाची शिल्पे आहेत, ती मान वर करून जरूर पाहावीत. मला त्या कथेत एक गोष्ट लक्षणीय वाटते. ज्याने ती रचली त्याने खड्डा, उडालेला माल, खार आणि पाणी या चारही गोष्टी एकाच घटनेला जोडल्या. शास्त्रज्ञांना हे जमायला बराच वेळ लागला.

१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. पुढे १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, आणि भूगर्भशास्त्रज्ञांची ये-जा सुरू झाली. सगळा प्रदेश ज्वालामुखीच्या खडकाचा, तेव्हा हे ज्वालामुखीचेच तोंड असणार, असा त्यांचा तर्क. तो चूक म्हणून हसण्यासारखा नाही. मीही तेव्हा असतो तर तेच म्हटले असते.

या तर्काने एक मोठाच घोटाळा केला, आणि तोही अमेरिकेत. ॲरिझोनाच्या वाळवंटात असाच एक वाटीसारखा खड्डा आहे. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा त्या काळचा फार मोठा भूशास्त्रज्ञ त्याच्या मागे लागला. आसपास लोखंडी उल्कांचे तुकडे सापडत होते, म्हणून उल्का पडून खड्डा झाला असेल अशी शंका त्यालाच आली होती. त्याने मोजमापे घेतली, चुंबकीय तपासणी केली, गाडलेले लोखंड काही सापडेना. १८९६ साली त्याने निष्कर्ष छापला की जमिनीखालच्या वाफेचा स्फोट होऊन हा खड्डा झाला. असे इतरत्र कुठे घडले आहे का, तर त्याने बोट दाखवले ते आपल्या लोणारकडे! दोन्ही खड्डे एकमेकांसारखे आहेत हे त्याने अचूक ओळखले. फक्त दोन्हींचे कारण चुकले. ॲरिझोनाच्या विवराचा निकाल १९६० साली लागला. प्रचंड दाबाखालीच तयार होणारे खनिज तिथे सापडले आणि उल्कापाताबद्दल शंका उरली नाही. मग नजर लोणारकडे वळली.

लोणारला ज्वालामुखी न मानण्याचे मुख्य कारण वयाचे होते. दख्खनचा लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झालेला, आणि हे विवर तर इतके ताजे की काठ अजून शाबूत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून सरोवराच्या तळात भोके पाडली आणि खोलवरचा खडक वर काढला. त्यात मास्केलिनाइट मिळाले. स्फटिक वितळण्याआधीच जबर धक्क्याने काचेसारखा झाला की हा पदार्थ बनतो. गंमत अशी की मास्केलिनाइट पहिल्यांदा ओळखले गेले ते बिहारमधल्या शेरघाटी येथे १८६५ साली पडलेल्या उल्केत. लोणारचा निष्कर्ष १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चांद्रमोहिमा नुकत्याच आटोपल्या होत्या. चंद्राचे काळे पठार बेसाल्टचे, आणि पृथ्वीवर बेसाल्टमधली आघात-विवरे अगदी मोजकी. त्यांत लोणार सर्वांत नीट जपलेले. तेव्हापासून जगभरचे अभ्यासक इथे येतात, त्यांना चंद्रावर न जाता चंद्राचा खडक पाहायचा असतो. वयाबद्दलचा हिशेबही पुढे बदलला. पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे सांगत. २०१० च्या सुमारास आर्गॉन पद्धतीने केलेल्या मोजणीत ते पावणेसहा लाखांच्या घरात गेले.

निम्म्याहून अधिक उतरलो तेव्हा झाडी दाट झाली. साग, सीताफळ, बेल, मधूनच मोराची केका. वानरांची एक टोळी आमच्या डब्यावर नजर ठेवून बरोबर चालत होती. २००० सालापासून हे अभयारण्य आहे. वाटेत जुनी देवळे लागतात, काहींत देव आहे, काहींत नुसती वटवाघळे. रामगया, कुमारेश्वर, अशी त्यांची नावे सांगतात. प्रत्येकापाशी थांबलो असतो तर दिवस पुरला नसता. काठाशी आलो की वास येतो, कुजल्या अंड्याचा, आणि झाडी बदलते. खाऱ्या जमिनीच्या कडेला विलायती बाभळीने मुसंडी मारली आहे. मग चिखल, मग पाणी.

याच चिखलातून खार निघत असे. उन्हाळ्यात पाणी आटले, मागे सरले की मजूर पाण्यात आणि गाळात उतरून क्षाराचे थर काढत, वाळवत, प्रतवारी करत. १९१२ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला तूश आणि क्रिस्टी या दोघांनी लोणारच्या भूरचनेवर आणि सोड्यावर सविस्तर लिहिले. इंग्रजी नोंदींत या प्रतींची नावे जशी लोकांच्या तोंडी होती तशी उतरलेली आहेत. दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. मला ही यादी पहिल्यांदा वाचताना आजीच्या फळीवरचे डबे आठवले. दल्ला म्हणजे घट्ट ढेकूळ. पापडी नावावरूनच पातळ पापुद्रा. भुस्की म्हणजे हलका भुगा, सगळ्यांत कमी किमतीचा. निमक दल्ल्यात मिठाचा अंश. रसायनाच्या पुस्तकाने या सगळ्यांना सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि मीठ यांची कमीअधिक मिश्रणे म्हटले असते आणि विषय संपवला असता. पण बोटांनी चुरून, जिभेला लावून पाच प्रती वेगळ्या ओळखणारी माणसे इथे होती. कुठला खार साबणाला, कुठला काचेच्या बांगडीला, कुठला कापडाचा रंग पक्का करायला, हे ती जाणत होती.

त्या माणसांबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे? पुजाऱ्यांनी माहात्म्य लिहिले. अबुल फजलने महसूल लिहिला. अलेक्झांडर, गिल्बर्ट, ला तूश यांची नावे कागदावर आहेत. तळपत्या उन्हात कमरेइतक्या खाऱ्या पाण्यात उभे राहणाऱ्यांनी काही लिहिले नाही, आणि त्यांच्यासाठी कुणी लिहिले नाही. त्यांच्या हाताला, पायाला तो खार काय करत असेल, याची कल्पना बोट बुडवले तरी येते. त्यांच्याकडून आपल्यापर्यंत आले ते पाच शब्द, तेही इंग्रजी अहवालाच्या वाटेने. कारखान्यात बनलेला सोडा पोत्यांनी स्वस्त मिळू लागल्यावर हा धंदा बसला, आणि त्यात आश्चर्य काही नाही. वाईट वाटते ते शब्द गेल्याचे.

पाण्याच्या काठाने चिखल चुकवत आम्ही कमळजा देवीच्या देवळाकडे गेलो. नवरात्रात इथे मोठी जत्रा भरते, आसपासच्या गावांतून माणसे हीच उतरण उतरून येतात. देवळासमोर सासू-सुनेची विहीर आहे, एका बाजूचे पाणी गोड आणि एका बाजूचे खारट. गोड बाजू सुनेची की सासूची, यावर आमच्या बरोबरच्या मंडळींत वाद झाला, तो इथे सांगत नाही. विहीर काही आम्हाला दिसली नाही, ती पाण्याखाली होती. गेल्या काही वर्षांत सरोवराची पातळी वाढली आहे आणि पाणी देवळाला येऊन भिडले आहे.

देवळात पाणी शिरणे एवढाच हा प्रश्न नाही. गोडे पाणी वाढले की खार पातळ होतो, आणि या खारावरच इथले सगळे जीवन उभे आहे. सरोवराचा हिरवा रंग अल्कधर्मी पाण्यातच वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. जून २०२० मध्ये उलटे झाले होते. पाणी फार आटले, खारटपणा वाढला आणि सरोवर एकाएकी गुलाबी दिसू लागले. टाळेबंदीत घरी बसलेल्या सगळ्या महाराष्ट्राने ती छायाचित्रे पाहिली. हा रंग मिठाच्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा, असा निर्वाळा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. म्हणजे या वाटीतले पाणी थोडे चढले किंवा थोडे उतरले तरी आतली सारी वस्ती बदलते. खार काढणाऱ्यांना हे पुस्तकाविना कळत असणार. त्यांची रोजीच पाण्याच्या रेषेवर अवलंबून होती.

परतीचा चढ दुपारी तीनला सुरू केला. उतरताना ज्या पायऱ्या मोजल्या नव्हत्या त्या चढताना मोजल्या गेल्या. अर्ध्यावर पाणी संपले. मी काहीच ओझे घेतले नव्हते, अभयारण्यातून खडाही उचलायचा नसतो, तरी चार वेळा बसलो. डोक्यावर ओल्या खाराची पाटी घेऊन ही वाट दिवसातून कितीदा चढली जात असेल?

वर धारेपाशी एक आजी बोरे विकत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे असावे. बोरे घेतली आणि विचारले, "आजी, इथं पूर्वी दल्ला निघायचा म्हणतात. तुम्ही पाहिला का?"

"काय म्हनता?"

"दल्ला. खार."

"खार म्हना ना बाप्पा! मी लहान असतानी पायला. माही माय कपडे धुवाले आनत जाय. दल्ला-बिल्ला मले नाई ठाव." मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "भुस्की म्हने ती. भुस्की आन वं, म्हने."

पाचांतला एक शब्द तिथे, गोमुखाच्या कठड्यावर, बोरांच्या टोपलीशेजारी अजून होता. मी तो त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतला. त्यांना माझे हसू आले असावे.

गाडीला अर्धा तास होता. गावातल्या एका किराणा दुकानात शिरलो आणि पापडखार मागितला. दुकानदाराने बरणीतून काढून कागदात पुडी बांधली. पांढरीशुभ्र, बारीक, एकसारखी भुकटी.

"लोणारचाच का हो हा?" मी विचारले.

"नाही जी," तो म्हणाला. "माल मेहकरवरून येतो. मेहकरले कुठून येतो, ते काही सांगता येत नाही."